भगत सिस्टरची तिसरी फेरी

भगत सिस्टर आमच्या उपकेंद्रावर रुजू झाल्या, त्या दिवशी खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी स्वतःचं वजन केलं.

इंझोरीहून आत सहा किलोमीटरवरचं आमचं गाव. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि गच्चीवर एक टाकी, जिच्यात बहुतेक वेळा पाणी नसायचं. मी तिथे आरोग्यसेवक. तपासणीचा दिवस होता, व्हरांड्यात आठ-दहा गरोदर बाया बसलेल्या, आणि नेहमीसारखी एकही काट्यावर उभी राहायला तयार नव्हती. आकडा मोठ्यानं वाचला जातो, चारचौघींत हसू होतं, म्हणून. आधीच्या सिस्टर नजरेनंच अंदाज घेऊन काहीतरी लिहून टाकायच्या. भगत सिस्टरनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, काट्यावर चढल्या आणि वाकून पाहत अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"एक्याऐंशी. लिहा हो भाऊ, एक्याऐंशी. आता माह्याहून जास्त जिचं भरन तिनं लाजावं. बाकीच्यायनं कायले लाजाचं?"

बाया हसल्या आणि एकामागून एक काट्यावर चढल्या.

त्या वेळी त्या पंचेचाळीसच्या असतील. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, गालात सतत लवंग. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी माझ्यासमोर घ्यायच्या, कारण, "तुमी पाह्यलं म्हंजे मले खोटं बोलता येत नाई." दर महिन्याला मी त्यांचा दाब मोजायचो. तो नेहमी थोडा वरच असायचा. नवरा कारंज्यात एका धान्याच्या दुकानावर कामाला होता, मुलगा नागपुरात शिकत होता. त्या दोघांबद्दल त्या फारसं बोलत नसत. कारंज्याहून एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. एसटीला उशीर झाला की इतर लोक फाट्यावर वाट पाहत बसायचे आणि या चालू लागायच्या. मागून गाडी आली तर हात करून चढायच्या, नाही आली तर चालत पोचायच्या.

आणखी एक सवय होती, तिचा अर्थ मला पुढे कळला. कोणी सहीसाठी कागद आणला, मग तो जन्माचा दाखला असो की अंगणवाडीचा तक्ता, तर त्या तो टेबलावर ठेवून घेत नसत. हातात आहे तिथेच, भिंतीला लावून, कधी आणणाऱ्याच्याच पाठीवर टेकवून सही करून द्यायच्या. एकदा एका बाळंतिणीला टाके घालताना दारात कोणी कागद घेऊन आलं. मी म्हणालो, "थांबू द्या त्याला जरासं." तर टाका पुरा करून, हातमोजा काढून, सही करून, नवा हातमोजा घालून पुन्हा बसल्या.

त्यांच्या बोलण्याला धार होती. गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतीवाल्याच्या, नानासाहेबांच्या घरी सून पाच महिन्यांची होती आणि अंगात रक्त नव्हतं. ओठ चुन्यासारखे. आम्ही दिलेल्या गोळ्या घरच्यांनी फडताळात ठेवल्या होत्या. सासू म्हणाली, आमच्या घरात अशा गोळ्यांनी पोरं होत नाहीत. सिस्टर ओट्यावर बसल्या. चहा आला, त्यांनी बाजूला सरकवला. समोर गोठ्यात म्हैस बांधली होती.

"नानासाहेब, हे म्हैस गाभन हाये काय?"

"हाये नं."

"डाक्टर कितीदा येऊन गेला हिच्यासाठी?"

"दोनदा आला. मंगरूळपीरहून बोलावला होता," नानासाहेब अभिमानानं म्हणाले.

"अन् सुनेसाठी?"

सून दारामागून पुढे आली. सिस्टरनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली, तिनं गिळली, आणि त्यानंतर त्यांनी तो गार झालेला चहा पिऊन टाकला. बाळंतपण नीट झालं. नानासाहेबांनी बारशाला पूर्ण गाव बोलावलं, मला बोलावलं, सिस्टरना बोलावलं नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मले साडी देतो म्हनले असते, मंग मले गोड बोला लागलं असतं."

मी हे सांगतो आहे तेव्हा त्या फार मोकळ्या, विनोदी वाटतील. तशा त्या नव्हत्या. लोकांना हसवून झालं की त्यांचा चेहरा लगेच बंद व्हायचा, दुकानाचं शटर ओढावं तसा. आतमध्ये काहीतरी आंबून गेलेलं होतं. ते काय होतं, हे पुढे एका सायकलीमुळे कळलं.

तेव्हा आमच्या भागातून मोठ्या महामार्गाचं काम चालू होतं आणि इंजिनिअर लोकांची छावणी पडली होती. त्यांतला एक दक्षिणेकडचा मनुष्य गुडघा फोडून घेऊन आमच्याकडे धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आला. सायकलवरून पडला होता. सिस्टरनी सिरिंज भरली आणि तेवढ्यात त्यांना व्हरांड्याला टेकवलेली सायकल दिसली. सिरिंज ट्रेमध्ये ठेवून त्या बाहेर गेल्या. मधल्या दांडीला धरून त्यांनी ती उचलली, पुढचं चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. इंजिनिअर बाही वर करून आत बसलेला.

शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर बारीक असूनही खाचांचे. इंजिनिअरनं सांगितलं, हिला सायक्लोक्रॉस म्हणतात. चिखलातून, गवतातून चालवायची, आणि जिथे चालवता येणार नाही तिथे उतरून खांद्यावर घेऊन पळायचं.

"खांद्यावर घेऊन पळाचं," सिस्टर हळूच म्हणाल्या. मी त्यांना कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

सहा महिन्यांनी त्याची बदली झाली तेव्हा त्यांनी ती सायकल त्याच्याकडून विकत घेतली. गावात पहिल्या दिवशी मागे पोरांची रांग. पारावरचे म्हातारे म्हणाले, "सिस्टर, हे मेंढ्याचे शिंगं कायले लावले हो?" फाट्यापासून उपकेंद्रापर्यंत आणि तिथून वाड्यावस्त्यांवर त्या तिच्यावरूनच जाऊ लागल्या, साडीचा काचा मारून, पाठीवर लशींचा डबा. सायकल रात्री उपकेंद्रातच राहायची. घरी नेत नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "घरी एक सायकल विकल्या गेली माही. दुसरी नाई न्याची."

पुढचं त्यांनी एकदा सर्वेक्षणाहून परतताना सांगितलं. साखळी उतरली होती म्हणून आम्ही नाल्याच्या पुलावर थांबलो होतो. हात काळे करून साखळी बसवता बसवता, माझ्याकडे न पाहता त्या बोलत होत्या.

त्या मूळच्या कुसुम तायडे. वडील कारंज्यात शिवणकाम करायचे. शाळेतल्या एका मास्तरांनी पोरीचे पाय ओळखले, कोणाची तरी जुनी रेसची सायकल मिळवून दिली. एकोणिसाव्या वर्षी कुसुम तायडे राज्याच्या शर्यतीत दुसरी आली. त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळण्याची संधी होती. शारीरिक चाचणी झाली, नाव यादीत लागलं. फक्त प्रमाणपत्रावर सायकल संघटनेच्या सचिवाची सही आणि शिक्का हवा होता.

"ठोसर नाव त्याचं. तवा नवीनच सचिव झाला होता. मी गेली, तं म्हने पुढच्या आठवड्यात ये. गेली, तं म्हने शिक्का घरी राह्यला. मंग म्हने वरच्यायले इचारतो. आठ महिने, राऊतभाऊ. बाबा शिवनयंत्र बंद ठेवून माह्यासंगं येत. बाहेर बाकड्यावर बसत."

"पैसे पाहिजे होते का त्याला?"

"नाई नं! तेच तं. पैसे मांगितले असते तं बाबानं कुठूनही आनले असते. त्याले काईच नोको होतं. त्याले निसता आळस होता. समोरच्या टेबलावर माहा कागद दिसे मले. त्याच्यावर चहाचे कप ठेवत."

मुदत संपली. नोकरी दुसऱ्या मुलीला गेली. वर्षभरात लग्न झालं. सासरी सायकल कडब्याच्या खोलीत गेली आणि एक दिवस तिथून नाहीशी झाली. मग पोर झाल्यावर कुणाच्या तरी सांगण्यावरून नर्सिंगचा कोर्स.

"त्यानं मले नाई म्हटलं असतं तं मी इसरली असती," त्या म्हणाल्या, आणि पेडल उलटं फिरवून साखळी पाहिली. "चला."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक जाहिरात फिरली. कारंज्याच्या अलीकडच्या टेकड्यांमध्ये डोंगरी सायकल शर्यत. पाच किलोमीटरची एक फेरी, अशा तीन फेऱ्या. तरुणांचा गट, महिलांचा गट आणि चाळीस वर्षांवरच्या महिलांचाही गट. खाली आयोजक म्हणून फोटो होता: पांढरे केस, गोल चेहरा, हसरा मनुष्य. संघटनेचे अध्यक्ष ठोसर सर.

सिस्टर त्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग मोबाईल माझ्याकडे दिला.

"फार्म भरून द्या."

"सिस्टर, डोंगरातली शर्यत आहे. तुमची सायकल त्यातली नाही. आणि तुमचं..."

"काय माहं?"

"दाब."

"दाब तं लग्न झाल्यापासून हाये."

फॉर्मच्या खाली नियम होते. प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघांना अध्यक्षांच्या स्वाक्षरीचं प्रमाणपत्र व्यासपीठावर, तिथल्या तिथे. तिन्ही फेऱ्या पूर्ण करणं आवश्यक. त्यांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली.

"तिथल्या तिथे," त्या म्हणाल्या. "माह्यासमोर. पेन हातात घेऊन. बस, अजून काई नोको मले."

हे मला माहीत होतं. मला काहीच माहीत नव्हतं असं मी पुढे स्वतःला कितीही सांगितलं तरी हे मला माहीत होतं.

सहा आठवडे होते. त्यांनी ठरवलं होतं रोज पहाटे टेकडीवर जायचं. पण त्यात पोलिओची मोहीम आली, मग घरोघरचं सर्वेक्षण, मग मोबाईलमध्ये त्याच सर्वेक्षणाची पुन्हा नोंद. टेकडीवर त्या चारदा गेल्या असतील. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर ओकल्या. परत येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या, घामानं साडी अंगाला चिकटलेली.

"पाय इसरले नाई राऊतभाऊ," म्हणाल्या. "छाती इसरली."

वजन दोन किलो उतरलं होतं. तेही त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

शर्यतीच्या ठिकाणी प्रथमोपचाराचं टेबल आमच्या खात्यानं लावलं होतं, आणि त्यावर माझी ड्युटी लागली. मी, औषधांची पेटी, दाब मोजायचं यंत्र आणि मागे रुग्णवाहिका. नियम असा होता की दवाखान्याच्या माणसानं सांगितलं तर स्पर्धकाला थांबवायचं.

सुरुवातीच्या रेषेवर सगळ्या जाड टायरच्या, पुढे झटके सोसणारे दांडे असलेल्या सायकली. अमरावती, अकोल्याहून आलेली पोरं-पोरी, घट्ट कपडे, काळे चष्मे. त्यांच्यात भगत सिस्टर, मुलाची जुनी पँट, अंगात ढगळ कुडता, डोक्यावर भाड्याचं हेल्मेट. वाकड्या हँडलची सायकल पाहून एका पोरीनं मैत्रिणीला कोपर मारलं. चाळीसवरच्या गटात दोघीच होत्या. दुसरी अकोल्याची एक डॉक्टरीण, भारी सायकलवाली.

शिट्टी झाली. पहिला अर्धा किलोमीटर मुरमाचा सपाट रस्ता होता, आणि तिथे मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सिस्टर हँडलच्या खालच्या वळणाला धरून वाकल्या, आणि ते ऐंशी किलोचं शरीर एकदम कमी झाल्यासारखं दिसलं. कंबर हलत नव्हती, फक्त पाय. त्या बारीक टायरवर त्यांनी सात-आठ पोरींना मागे टाकलं. कोपर मारणारी त्यांत होती.

मग चढ आला. सुटे दगड, सागाचा पाचोळा, मधूनच पावसानं पाडलेल्या घळी. जाड टायरवाल्या हळूहळू चढत गेल्या. सिस्टरचं मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. त्या उतरल्या, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागल्या, पाण्याचे हंडे घेऊन चढतात तशा. पळायचं होतं, पळवत नव्हतं. टेबलापासून सगळा चढ दिसायचा. पाच पावलं चालायच्या आणि थांबायच्या. पाच पावलं आणि थांबायच्या.

पहिली फेरी संपवून आल्या तेव्हा त्यांच्या मागे कोणी नव्हतं. उतारावर दगडांचे सगळे हादरे त्या सायकलीतून थेट हातांत येत होते. तळहात सोलले होते. त्या टेबलाशी क्षणभर थांबल्या आणि मी पट्टी गुंडाळून दिली.

"डाक्टरीन कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच चढावर सोडून दिली त्यांनी. पाय मुरगळला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे आता गटात त्या एकट्याच होत्या. फक्त पूर्ण करायची होती. त्या हसल्या. दातांना लवंग लागलेली होती.

दुसऱ्या फेरीला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. सगळ्या गटांची शर्यत संपली. बक्षिसांसाठी मंडपात लोक जमले. लाउडस्पीकरवर गाणी लागली. स्वयंपाक तयार होता आणि वास सुटला होता. दोर धरून उभा असलेला शिट्टीवाला, पन्नाशीचा मनुष्य, दोनदा माझ्याकडे आला.

"ते तुमच्या दवाखान्यातली बाई हाये काय हो? तिच्यापायी अख्खा कार्यक्रम थांबून राह्यला."

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, "राऊतसाहेब, तिले काई झालं तं तुमच्या-आमच्यावर येईन बरं."

मंडपातली माणसं वळून वळून चढाकडे पाहत होती. कोणी मोबाईलवर चित्रण करत होतं. चढावर ती एक ठिपक्याएवढी बाई, खांद्यावर सायकल. कोणीतरी हसलं. मला फार लाज वाटली. कोणाची, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

त्या उतारावरून खाली आल्या तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. गुडघ्यातून रक्त येत होतं, कुठेतरी पडल्या असणार. पण सायकल चालत होती, आणि त्या टेबलाशी न थांबता सरळ तिसऱ्या फेरीच्या तोंडाकडे वळल्या.

मी शिट्टीवाल्याला म्हणालो, "पुढे सोडू नका त्यांना."

त्यानं लगेच दोर ताणला.

"थांबा मॅडम. संपलं."

"कायचं संपलं? एक फेरी हाये अजून."

"दवाखान्याच्या मानसानं सांगितलं. तुमाले सोडता येत नाई."

सिस्टरनी एक पाय जमिनीवर टेकला. मग मान वळवून माझ्या टेबलाकडे पाहिलं. मी औषधांच्या पेटीत काहीतरी शोधू लागलो. शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं.

थोड्या वेळानं त्या समोर येऊन स्टुलावर बसल्या आणि त्यांनी बाही वर केली. मी पट्टा गुंडाळला. आकडा एकशे बावन्नवर गेला आणि एकशे छप्पन्नवर स्थिरावला. खालचा शहाण्णव.

"किती?"

मी सांगितलं.

"हे तं माहं दर महिन्याचं हाये," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमीच लिहिता."

बक्षिसं झाली. चाळीसवरच्या महिलांच्या गटात कोणीही शर्यत पूर्ण केली नाही, असं लाउडस्पीकरवर जाहीर झालं. मग सहभागाची प्रमाणपत्रं वाटायला ठोसर स्वतः खाली उतरून आले. मनुष्य खरंच हसरा होता. प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होता, फोटो काढून घेत होता. सिस्टरच्या हातात कागद देत म्हणाला,

"वा ताई, वा! या वयात ही जिद्द! सगळ्या पोरींनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे."

सिस्टरनी कागदाकडे पाहिलं. सही होती. छापलेली. सगळ्यांच्याच कागदांवर छापलेली.

"तुमी मले ओळखलं नाई?" त्यांनी विचारलं.

ठोसरनं डोळे बारीक केले. खरोखर आठवायचा प्रयत्न केला त्यानं. ते मी पाहिलं, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटलं.

"चेहरा पाहिल्यासारखा वाटतो... पोलिओच्या मोहिमेत होतात का तुम्ही? आमच्या कॉलनीत आला होतात?"

मला वाटलं आता त्या बोलतील. तीस वर्षं साठवलेलं सगळं बोलतील. नानासाहेबांच्या ओट्यावर बोलल्या तसं बोलतील. मी वाट पाहत होतो. मला ते ऐकायचंही होतं, म्हणजे मग माझं जरा हलकं झालं असतं.

"हो," भगत सिस्टर म्हणाल्या. "पोलिओच्या येळी."

आणि फोटोसाठी त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या वर्षभर उपकेंद्रावर होत्या. सायकल मागच्या खोलीत उभी राहिली ती राहिलीच. येणं-जाणं पुन्हा एसटीनं. ते प्रमाणपत्र त्यांनी फाडलं नाही. उलट्या कोऱ्या बाजूवर जाड पेननं लसीकरणाचे वार लिहिले आणि व्हरांड्याच्या भिंतीला चिकटवून टाकलं. कागद जाड होता, टिकला. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया तो वाचायच्या.

काम तसंच चाललं होतं. त्या रागावल्या नाहीत, अबोला धरला नाही. फक्त मला राऊतभाऊ म्हणायच्या ते राऊत म्हणू लागल्या. गोळी माझ्यासमोर घेणं बंद झालं. महिन्याचा दाब मोजायची वेळ आली की म्हणायच्या, "आशाताई मोजन."

दोन-तीनदा मी बोलायचा प्रयत्न केला. एकदा दुपारी, बाया निघून गेल्यावर, मी म्हणालोच, "सिस्टर, त्या दिवशी मला तुमच्या जिवाची भीती वाटली."

त्या नोंदी करत होत्या. पेन थांबलं नाही.

"खरं बोलून राह्यले काय?"

मी दाबाच्या यंत्राचा पट्टा गुंडाळू लागलो.

"लोक हासून राह्यले होते म्हनून थांबवलं तुमी मले. मी वरून पाहत होती. चढावरून सगळा मंडप दिसते." मग पान उलटलं. "तुमी वाईट मानूस असते, राऊत, तं मी भांडली असती. बरं वाटलं असतं मले."

मी म्हणालो, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "बरं." इतकंच. जणू मी एखादा कागद दिला होता आणि त्यांनी तो जागच्या जागी निकालात काढला.

बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांनी निरोपाचा कार्यक्रम करू दिला नाही. चार्ज नीट दिला, प्रत्येक कपाटाची किल्ली नाव लिहून दिली. सायकलचं काय करायचं ते विचारलं तर म्हणाल्या, "जागा अडवत असन तं काढून टाका." मी काढली नाही. आता तिच्या टायरमधली हवा गेली आहे आणि उंदरांनी सीट कुरतडली आहे. नव्या सिस्टर विचारतात ही कोणाची, मी सांगतो, आधीच्यांची.

मागच्या उन्हाळ्यात मंगरूळपीरच्या बसस्थानकावर त्या दिसल्या. दुपारची वेळ होती. शेडखाली बाकड्यावर बसल्या होत्या, बाजूला नवरा. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. सडपातळ, साधा मनुष्य, मांडीवर आंब्यांची पिशवी. सिस्टर बारीक झाल्या होत्या, आणि ते बरं दिसत नव्हतं. वाशीमची गाडी लागायची होती. त्या नुसत्या बसल्या होत्या, पाय खाली सोडून, गाडीच्या दिशेनंही न पाहता.

मी जवळ जाऊन नमस्कार केला. त्यांनी वर पाहिलं, मला ओळखलं, बाजूला सरकून जागाही केली. मी बसलो नाही. तब्येत विचारली, मुलाचं विचारलं. मुलगा पुण्याला लागला, म्हणाल्या. त्यांनीही विचारलं, पाऊसपाण्याचं, उपकेंद्राच्या टाकीचं. नवरा आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हे कोन?"

सात वर्षं आम्ही एका छताखाली काम केलं होतं. पुरात कमरेइतक्या पाण्यातून लशींचा डबा डोक्यावर धरून गेलो होतो. तीन बाळंतपणं रस्त्यात केली होती.

भगत सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या योग्य शब्द शोधत होत्या. पण तेवढ्यात गाडी लागली, लोक धावले, आणि त्या पिशवी उचलत उठल्या.

"कोनी नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दवाखान्यातले हायेत. चला, जागा भेटनार नाई."